गाऱ्हाण्यातलं नाव

"एक नाव! एकच नाव घालूचा असा तुमका. तेवढ्यान काय जीव जातलो?"

"नावान नाय जाणा, सुंदरा. खोट्यान जाता."

"कोणाचो जाता? देवाचो? देवाक काय नोकरी शोधूची नाय! माझ्या झिलाक शोधूची असा!"

"हळू बोल. गॅलरीत लोक उभी हत."

"उभी ऱ्हवांदेत. लोकांकाच इचारा, माझा काय चुकता!"

गॅलरीत उभे असलेले लोक म्हणजे आम्हीच. करी रोडच्या आमच्या चाळीत भांडण ऐकायला कुणाला कान लावावा लागत नसे. स्टोव्ह बारीक केला की पुरे. त्या दिवशी दुसऱ्या माळ्यावरचे सगळे स्टोव्ह बारीक झाले होते, कारण भांडत होते बुधाजी मामा. ते कधी भांडत नसत.

बुधाजी मामा गिरणीत कापड विणायच्या साचेखात्यात होते. उंचीने बेताचे, पायाने थोडे फेंगडे, आणि साच्यांच्या धडधडीत वर्षानुवर्षं उभं राहून कान अर्धे गेलेले. पण गळा असा, की तळमजल्यावर त्यांनी खोकलं की तिसऱ्या माळ्यावरची पोरं अभ्यासाला बसत. या गळ्यामुळेच चाळीतलं गाऱ्हाणं त्यांच्याकडे होतं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कुठलंही शुभ काम असो, देवापुढे नारळ ठेवायचा, एका जाणत्याने हात जोडून मोठ्याने देवाला सगळी हकिकत सांगायची, आणि त्याने "म्हाराजा" म्हटलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. चाळीचा गणपती असो, कुणाचं लग्न असो, संपाला उतरायचं असो, नारळ मामांच्या हातात जायचा.

त्यांचा नियम एकच होता. "गाऱ्हाण्यात घडलेला सांगूचा आणि व्हया असलेला मागूचा. तिसरा काय नाय."

आता हे तिसरं काहीतरी त्यांच्याकडे मागितलं जात होतं.

झालं होतं असं. छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, गोळीबार झाला, तेव्हा मामांचा मुलगा दौलत मोर्चात होता. गोळी मांडीत घुसली. रस्ता रिकामा झाला आणि दौलत पडून राहिला. तेवढ्यात एक माणूस हातगाडी रेटत गल्लीतून बाहेर आला, त्याने दौलतला उचलून गाडीवर घातलं, वर गोणपाट टाकलं आणि पोलिसांच्या देखत, "कांदे आहेत, साहेब, कांदे," असं ओरडत थेट केईएमला नेलं. गोणपाटाखालून रक्त ठिबकत होतं. त्याला कुणी अडवलं नाही, हे त्याचं धाडस की नशीब, कोण जाणे.

हा माणूस रामजी. रस्त्यापलीकडच्या चाळीत राहणारा, हातगाडी ओढणारा. त्याने मामांना पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "दादा, माझं नाव कुठं घेऊ नका. पोलीस घरोघर विचारत फिरतायत, तिथं कोण कोण होतं म्हणून. माझी गाडी जप्त झाली तर घर उपाशी मरेल." मामांनी शब्द दिला. पुढे पोलीस थंडावले, पण रामजीला नाव नकोच होतं. चाळीत दोन-चार घरांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. दौलतला कुणी नेलं, याचं उत्तर ठरलेलं होतं: "एका भल्या माणसाने."

दौलत वाचला, पण पाय आखूड झाला. साच्यापुढे दिवसभर उभं राहणं त्याला जमेना. तो बदली कामगार; गिरणीने त्याला पुन्हा बोलावलंच नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा दिवसभर गॅलरीच्या कठड्याला टेकून रस्ता बघत बसायचा. मामी त्याच्याकडे पाहायची आणि भाकरी तव्यावर करपायची.

सत्तावनच्या निवडणुका आल्या, आणि आमदार जयवंतरावांना आमची चाळ आठवली.

जयवंतराव मोठे कलाकार माणूस. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न विधानसभेत मताला आला, त्या दिवशी म्हणे त्यांच्या पोटात दुखू लागलं आणि ते बाहेर गेले. बाहेर आल्यावर दुखणं थांबलं, पण तोवर मतदानही आटोपलं होतं. आता मात्र संयुक्त महाराष्ट्र समितीचं वारं बघून ते गल्लोगल्ली राजीनामा दाखवत फिरत होते. जाकिटाच्या आतल्या खिशातून कागद काढायचा, थरथरत्या हाताने वर धरायचा, "हा पहा माझा राजीनामा! महाराष्ट्रासाठी या खुर्चीवर मी लाथ मारतो!" म्हणायचं, टाळ्या झाल्या की घडी घालून परत खिशात. कागद मळला, पण दिला काही गेला नाही.

त्यांचा कार्यकर्ता लवू आमच्याच चाळीतला. चुणचुणीत, कामसू आणि फुकट चहाला हजर. दौलतची हकिकत त्यानेच साहेबांच्या कानावर घातली. एक जखमी तरुण आहे, त्याला हातगाडीवरून नेणारा माणूस आहे, आणि त्या माणसाला नाव नाही! जयवंतरावांनी ती भूमिका ताबडतोब घेतली. आठवडाभरात लालबागच्या भिंतींवर रंगलं: 'गोळीच्या वर्षावात हातगाडी ओढणारा आपला आमदार.'

आणि लवू मामांकडे निरोप घेऊन आला. चाळीसमोरच्या मैदानात साहेबांची सभा. सुरुवातीला नारळ, मामांचं गाऱ्हाणं, गाऱ्हाण्यात साहेबांचं नाव. "तुम्ही म्हणालात की झालं, मामा. तुमच्या तोंडचं कोण खोटं म्हणणार नाय. साहेबांच्या मेव्हण्याचा छापखाना असा. दौलत बसून खिळे जुळवील. बसून, मामा! पायाला त्रास नाय."

त्यावरून हे भांडण.

"बसून काम असा," मामी आत म्हणत होती. "दुसरीकडे खय मिळतला? सांगा, मिया ऐकतंय."

"रामजीन रगात पुसल्यान आणि मी गुण दुसऱ्याचे गावूचे?"

"रामजीकच नाव नको! जागा रिकामी असा. भरली कोणी तर रामजीचा काय जाता?"

"चल, तेकाच इचारूया."

"इचारा! आत्ताच्या आत्ता इचारा!"

रामजीला बोलावलं. तो आला आणि नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मामीच्या कोनाड्यात बाहेरच्यांसाठी कान तुटलेला एक कप निराळा असे. त्या दिवशी तिने तो घेतला नाही. घरातल्या कपात चहा ओतला, रामजीच्या हातात दिला आणि म्हणाली, "भितर ये, रामजी. बस."

रामजीने सगळं ऐकलं, चहा संपवला आणि हसला. "घाला की साहेबांचं नाव. पोराला काम लागतंय ना?"

"तुका वायट नाय वाटणा?" मामांनी विचारलं.

"मला कशाला वाईट वाटतंय? मी काय त्याला फोटोसाठी उचललं? आणि दादा, मागच्या दसऱ्यापासनं आम्ही बुद्धाच्या वाटेला लागलो. तुमच्या देवापुढं माझं नाव तसंही नको. साहेबांचं घाला."

"बघा!" मामी म्हणाली. "ज्येचा नाव तोच 'घाला' म्हणता."

मामांनी रामजीला जिन्यापर्यंत सोडलं. मग लवूला हाक मारून म्हणाले, "गाऱ्हाणा मी घालतंय. काय सांगूचा ता माझा मी बघतंय." लवूला तेवढं पुरे होतं, तो उड्या मारत जिना उतरला. मामीलाही तेवढंच ऐकायचं होतं. तिने त्या संध्याकाळी दौलतचा एकुलता पांढरा सदरा धुऊन वाळत टाकला.

सभेच्या दिवशी मैदान भरलं. मतं समितीला द्यायची हे चाळीने कधीच ठरवलं होतं, पण करमणूक कोण सोडणार? मंचावर खुर्च्या, मध्ये नारळाचा पाट, आणि एका बाजूला चक्क हातगाडी! ताजा हिरवा रंग दिलेली, दांड्यांना झेंडूच्या माळा. आमच्या बाजूची गंगुबाई म्हणाली, "गाडयेचा लगीन असा काय गो?" मैदान खदखदलं. मागच्या रांगेत रामजी उभा होता. तो मान तिरकी करून त्या गाडीकडे बघत होता. गिऱ्हाइकाने नवं जनावर बघावं तसा.

जयवंतराव आले. रेशमी सदरा, त्यावर मुद्दाम घेतलेलं खादीचं उपरणं. त्यांनी दौलतला मंचावर बोलावून त्याच्या खांद्यावर हात टाकला, फोटो निघाला. दौलत अंग चोरून उभा होता. मग त्यांनी माइक हातात घेतला.

"बंधूंनो! भगिनींनो! या कोवळ्या पोराला भविष्याची चिंता नको! त्याच्या नोकरीची जबाबदारी हा जयवंत, तुमच्यासमोर, या मातीच्या साक्षीने, आपल्या शिरावर घेत आहे!"

टाळ्या. मामीने पदर डोळ्याला लावला.

लवूने साहेबांना गाऱ्हाण्याची शिकवण आधीच देऊन ठेवली होती. मी मंचाच्या कडेलाच होते. त्याचं शेवटचं कुजबुजणं मला ऐकू आलं. "साहेब, जास्त काय नाय. मामांनी 'म्हाराजा' म्हटला की दोन्ही हात वर आणि जोरात 'व्हय म्हाराजा'. सगळ्यांच्या आधी म्हणा. लोकांक वाटूक व्हया, साहेब आपलेच."

"समजलं, समजलं," साहेब म्हणाले. "व्हय म्हाराजा. सोपं आहे."

मामा पाटासमोर उभे राहिले. धुतलेलं धोतर, काळी टोपी. त्यांनी हात जोडले, मैदानाकडे पाहिलं आणि मग मामीकडे. मामी पहिल्या रांगेत होती. तिचे ओठ आवाज न करता हलत होते. 'नाव घाला. नाव घाला.' मामांच्या कपाळावर घाम होता. दोन वाक्यांनी मुलाचं आयुष्य मार्गी लागणार होतं, किंवा जाणार होतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मैदान म्हणालं. साहेबांनी हात वर केले, जरा उशिरा.

"आज ही तुझी लेकरां गाव-घर मागे ठेवन ह्या मुंबईत पोट भरूक इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब आता वेळेवर.

"गेल्या साली हय गोळी चलली, आणि आमचो एक झील रस्त्यार पडलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांना लय सापडली. त्यांचा आवाज आता सगळ्यांच्या आधी येऊ लागला.

"एका माणसान तेका उचलल्यान, आपल्या हातगाडयेर घातल्यान, आणि जिवावर उदार होवन हास्पिटलात पोचवल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांनी छाती काढली. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मामा थांबले. इतके थांबले की लवू पुढे सरकला. मामीने हातातला रुमाल चावला होता. मग मामांनी डोळे मिटले आणि एका दमात आवाज सोडला.

"त्या माणसान नाव सांगूक नाय, हार घेवक नाय, मत मागूक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो माणूस आज ह्या मंचावर नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, दोन्ही हात आभाळाकडे करून, थेट माइकमध्ये जयवंतराव!

क्षणभर मैदानाला काय झालं ते कळलं नाही. मग गंगुबाईने तोंडाला पदर लावला, आणि हसू असं फुटलं की पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. साहेबांचे हात अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले. लवू गाडीच्या दांड्यावरची झेंडूची माळ सारखी करू लागला.

मामा हसले नाहीत. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. त्यांनी हसू ओसरू दिलं आणि शांतपणे पुढे म्हणाले, "तो माणूस जंय असात थंय तेचा बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या जयवंतराव साहेबांनी आत्ता, सगळ्यांसमोर, ह्या झिलाक नोकरी देवचो शब्द दिल्यानी हा. ता पण घडलेला असा म्हाराजा. तो शब्द तेंच्याकडसून पुरो करून घे, आणि तेंचा पण बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" मैदान गरजलं आणि साहेबांकडे बघत राहिलं. फोटोवालाही बघत राहिला. जयवंतराव कसलेले गडी, त्यांनी हसरा चेहरा लावला, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "व्हय." म्हाराजा काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मी पुढे नाटकात उभी राहिले. वाक्य टाकायच्या आधी श्वास कुठे घ्यायचा, समोरच्याला उत्तराला जागा किती ठेवायची, हे मला बऱ्याच जणांनी शिकवलं, पण पाठ झालं ते त्या मैदानात. मी मामांची ऋणी आहे. त्यांना मात्र त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "मी साहेबांक फसवूक नाय गो," ते मला नंतर म्हणाले. "उभो ऱ्हवलंय तवसर माकाच म्हायत नव्हता काय म्हणतलंय. तोंडात साहेबांचा नाव आणलंय. भायर येवकच नाय."

मामीच्या मते मात्र नोकरी गेली होती. सोमवारी दौलत तो पांढरा सदरा घालून साहेबांच्या कचेरीकडे निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पण जिन्यात गंगुबाईचा नवरा त्याच्यामागे लागला, मग तळमजल्यावरचे दोघे, मग नाक्यावरचे. कचेरीत पोचेपर्यंत अर्धी चाळ झाली होती. कुणी घोषणा दिली नाही. फक्त दारात जाऊन उभे राहिले. कुणीतरी मागून नुसतं म्हणालं, "म्हाराजा!" आणि आतून साहेबांचा आवाज आला, "अरे, द्या रे त्याला चिठ्ठी!"

दौलत छापखान्यात लागला. बसून खिळे जुळवू लागला. जयवंतराव निवडणुकीत पडले, चांगलेच पडले. त्यांनी खिशातल्या त्या कागदाचं पुढे काय केलं, माहीत नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत मामांनी नारळापुढे हात जोडले आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "जयवंतराव साहेबांनी आमच्या झिलाक काम दिल्यानी. तेंका सुखात ठेव म्हाराजा!" 'व्हय म्हाराजा' काही आलं नाही. मागून एक तरुण म्हणाला, "मामा, त्या नाटक्याचं नाव? तो तर पडला!"

"पडलो म्हणान काय झाला? काम दिल्यान काय नाय दिल्यान?"

"दिलं, पण..."

"मगे म्हण."

"व्हय म्हाराजा," तो पुटपुटला, आणि मग सगळ्यांनी म्हटलं. मामीने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

मंडपाच्या फळ्या रामजीच्याच गाडीने आल्या होत्या. तो उरलेल्या फळ्या न्यायला आला, तेव्हा दौलतने त्याला हाताला धरून वर आणलं. मामीने पाट टाकला. मामा दारात विडी ओढत बसले होते.

"साहेबाचा नाव घातला," मामी म्हणाली. "तेच्या देण्याचा तोंड भरून सांगला. आणि तुझा नाय. माझ्या जिवाक बरा वाटणा नाय, भावोजी. आज तरी घालूक दी."

"वहिनी, मी त्या देवापुढचा राहिलो नाही."

"मगे देवापुढे नको. हय, माझ्यापुढे. काय तरी माग माझ्याकडे."

"मागायला मी काय गाऱ्हाणं घालतोय?"

दौलत हसला. मामी नाही हसली. "मस्करी नको. दौलताचा लगीन ठरता हा. तू आमच्या पंगतीत बसतलंस?"

"बसेन की. जेवायला बोलवा, बसेन."

"ता जेवण झाला. जेवण कोणीय घालता. ह्या तू माझ्या झिलासाठी केलंस, तेचा मी काय करू? जलमभर असाच उरार घेवन बसू?"

रामजीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दौलतच्या आखूड पायाकडे एकदा बघितलं, खांद्यावरचं फडकं डोक्याला गुंडाळलं आणि उठला. मामांनी बाजूला सरून त्याला वाट दिली.

"अरे, मी काय इचारतंय?" मामी गॅलरीत आली. "सांगान तरी जा!"

खाली फळ्या गाडीवर पडल्याचा आवाज झाला, "कांदे होते, वहिनी, कांदे! कांद्यांचं कसलं देणं?" असं रामजी ओरडला, आणि गाडी रस्त्याला लागली.